जाड, तरीही दुबळी भिंत: हार्ट फेल्युअरमागे दडलेला स्नायूविकार कसा ओळखतात

हृदयाच्या इको (सोनोग्राफी) तपासणीच्या अहवालात अखेरीस जो एक आकडा ठळक छापलेला असतो, त्याला एजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. घरात मात्र त्याला सगळे 'पंपिंग' म्हणतात. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरल्यावर एका ठोक्यात त्यातले किती टक्के रक्त पुढे ढकलतो, एवढेच तो आकडा सांगतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० टक्के असतो. धाप लागणे, पाय सुजणे, रात्री उशांवर उशा रचून झोपावे लागणे अशा त्रासानंतर ज्यांना हार्ट फेल्युअरचे निदान होते, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत हा आकडा ५० किंवा त्याहून अधिक, म्हणजे वरवर पाहता ठीकच असतो. 'पंपिंग चांगले आहे' असे ऐकल्यावर रुग्णही निश्चिंत होतो आणि गणपतीसाठी मुंबईहून आलेला मुलगाही निर्धास्तपणे परत जातो. मग पाय का सुजले आणि धाप का लागते, हा प्रश्न तसाच राहून जातो.

हार्ट फेल्युअर एवढे दोन शब्द केसपेपरवर लिहिले म्हणजे निदान अर्धेच झालेले असते. हृदय शरीराची गरज नीट भागवू शकत नाही, किंवा ती भागवताना त्याच्या कप्प्यांतला दाब इतका वाढतो की फुप्फुसांत आणि पायांत पाणी साचते, एवढे त्यातून कळते. हे कशामुळे झाले, ते कळत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतील अडथळे, वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, मधुमेह, लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेल्या झडपा आणि दारू ही नेहमीची कारणे आहेत, आणि बहुतांश रुग्णांत कारण यांतच सापडते. उरलेल्या काही रुग्णांत मात्र मूळ बिघाड हृदयाच्या स्नायूतच असतो. तो दडून राहतो, कारण त्याची लक्षणे इतर सगळ्या कारणांसारखीच असतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रक्तदाब किंवा साखर यांपैकी काहीतरी बहुधा असतेच; त्यामुळे हाताशी असलेल्या कारणावर सगळा दोष टाकून पुढे जाणे सोपे पडते.

अँजिओग्राफीविषयीही असाच एक गैरसमज आहे. त्या तपासणीत हृदयाच्या बाहेरून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा मार्ग दिसतो, स्नायू कशाचा बनलेला आहे हे दिसत नाही. 'ब्लॉक नाही' याचा अर्थ धाप लागण्याचे सर्वांत नेहमीचे एक कारण नाही, इतकाच घ्यायचा असतो. खरे तर ब्लॉक नसताना हार्ट फेल्युअर असेल, तर स्नायूकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. व्यवहारात नेमके उलटे होते आणि फाइल मिटली जाते.

प्रथिनांचा थर

दडलेल्या स्नायूविकारांपैकी ज्याच्याविषयीची समज गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वाधिक बदलली, तो आजार म्हणजे हृदयाचा अमायलॉयडोसिस. शरीरात प्रथिनांचे रेणू ठरावीक घड्यांत दुमडलेले असतात. काही प्रथिने या घड्या सोडून चुकीच्या आकारात दुमडतात, एकमेकांना चिकटून न विरघळणारे बारीक तंतू बनवतात आणि ते तंतू अवयवांत साचत जातात. हृदयात ते स्नायूपेशींच्या मधल्या जागेत साचतात. भिंत जाड होते, पण ही जाडी कमावलेल्या स्नायूची नसते. खाऱ्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजून उन्हात वाळलेला दोर हाताला जाडजूड लागतो, पण वळवायला गेले की वळत नाही. या हृदयाचे तसेच होते. ते आकुंचन पावू शकते, म्हणून 'पंपिंग' बराच काळ टिकून राहते; मात्र दोन ठोक्यांच्या मध्ये सैल पडून पुरेसे रक्त आत घेणे त्याला जमत नाही. मागे दाब वाढतो, आणि त्यामुळेच दम लागतो व सूज येते.

हृदयात साचणारी प्रथिने प्रामुख्याने दोन आहेत, आणि त्यांतील फरक हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. पहिले ट्रान्सथायरेटिन. हे यकृतात बनते आणि थायरॉइडचे संप्रेरक व अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेण्याचे काम करते. त्याचा रेणू चार भागांचा असतो. हे चार भाग सुटे झाले की चुकीच्या घडीला वाव मिळतो. वाढत्या वयात कोणताही जनुकीय दोष नसताना असे होऊ शकते आणि तसे रुग्ण बहुधा साठी-सत्तरीपुढचे पुरुष असतात. काही कुटुंबांत ट्रान्सथायरेटिनच्या जनुकातच बदल असतो. असे शंभराहून अधिक बदल आजवर नोंदले गेले आहेत. दुसरे प्रथिन अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींकडून येते. या पेशी प्रतिपिंडे बनवतात. त्यांचा एखादा गट बेसुमार वाढला, तर प्रतिपिंडांचे हलके तुकडे, म्हणजे लाइट चेन, रक्तात वाढतात आणि अवयवांत साचतात. या प्रकाराला एएल अमायलॉयडोसिस म्हणतात.

पहिला प्रकार वर्षांच्या गतीने वाढतो, दुसरा आठवड्यांच्या. एएल प्रकारात हृदय निकामी होऊ लागले आणि उपचार झाला नाही, तर त्यानंतरचे आयुष्य साधारण सहा महिन्यांचे मानले जाते. इकोमध्ये मात्र दोन्ही हृदये सारखीच दिसू शकतात.

असे रुग्ण किती असावेत? माद्रिदमधील एका रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हार्ट फेल्युअर असूनही एजेक्शन फ्रॅक्शन चांगले असलेले, साठीपुढचे आणि हृदयाची भिंत १२ मिलिमीटर किंवा अधिक जाड असलेले १२० रुग्ण क्रमाने तपासले गेले. त्यांतील सुमारे १३ टक्के रुग्णांत ट्रान्सथायरेटिनचा थर आढळला. हा आकडा स्पेनमधल्या एका रुग्णालयाचा आणि निवडक रुग्णांचा आहे. तो उचलून कोकणाला लावणे चुकीचे ठरेल. पण 'अतिदुर्मीळ' म्हणून पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत राहिलेला हा आजार रोजच्या ओपीडीत बसलेला असू शकतो, हे त्या अभ्यासाने दाखवले आणि जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांची नजर बदलली.

हाताच्या मुंग्या आणि 'बरा झालेला' बीपी

गुहागर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत ७४ वर्षांचे एक आजोबा आहेत असे समजू. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या यायच्या, रात्री हात बधिर होऊन जाग यायची. आयुष्यभर नारळ सोलले, कोयता चालवला, जाळे टाकून मासे पकडले, म्हणून हात झिजले असे सर्वांनी मानले. पुढे मनगटाच्या नसेवरचा दाब काढण्याची, म्हणजे कार्पल टनेलची शस्त्रक्रिया दोन्ही हातांवर झाली. नंतर कंबर धरू लागली, थोडे चालले की पाय जड व्हायचे. मणक्याची जागा अरुंद झाल्याचे सांगण्यात आले. पंधरा वर्षे चालू असलेली रक्तदाबाची गोळी गेल्या वर्षी बंद करावी लागली, कारण ती घेतली की चक्कर यायची. घरच्यांना वाटले, बीपी बरा झाला. आता जिना चढताना धाप लागते, म्हणून दम्याचा पंप सुरू आहे.

आजोबा काल्पनिक आहेत, पण त्यांच्या कथेतला प्रत्येक दुवा वैद्यकात नोंदलेला आहे. ट्रान्सथायरेटिनचा थर हृदयाआधी बहुधा स्नायुबंध आणि अस्थिबंध यांत साचतो. म्हणून दोन्ही मनगटांचा कार्पल टनेल हा विकार हृदयाच्या लक्षणांच्या पाच ते दहा वर्षे आधी दिसू शकतो. कमरेच्या मणक्याची अरुंद झालेली नलिका आणि फारसा जोर न लावता दंडातील बायसेप्सचा तुटलेला स्नायुबंध हेही त्याच मालिकेतले. हातांचे काम अस्थिरोगतज्ज्ञांकडे, कंबर दुसऱ्या डॉक्टरांकडे, धाप तिसऱ्यांकडे, आणि तेही कधी चिपळूणला, कधी डेरवणला, कधी मुंबईत. एकाच आजाराचे तुकडे वेगवेगळ्या फाइलींत विखुरलेले राहतात. माझ्या मते कोकणात हा आजार हुकण्याचे मोठे कारण यंत्रांच्या अभावाइतकेच हे विखुरलेपण आहे. त्यात कष्टाच्या कामाची आड येणारी सबब आहेच: ज्याने आयुष्यभर हातांनी काम केले, त्याच्या हाताच्या दुखण्याला वेगळे कारण शोधायला कोणी जात नाही.

रक्तदाबाची गोष्ट तर अधिकच फसवी आहे. ताठर हृदयाच्या कप्प्यात दर ठोक्याला ठरावीक, थोडेच रक्त मावते. थर स्वायत्त, म्हणजे आपोआप चालणारी कामे सांभाळणाऱ्या नसांतही साचत असेल, तर उभे राहिल्यावर रक्तवाहिन्या आवळल्या जात नाहीत. यामुळे जुना उच्च रक्तदाब आपोआप उतरतो आणि पूर्वी मानवणारी औषधे झेपेनाशी होतात. वर्षानुवर्षांचा बीपी काही कारण नसताना 'बरा' झाला आणि त्याच सुमारास धाप लागू लागली, तर आनंद मानण्याऐवजी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

एएल प्रकाराच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात. जीभ जाड होऊन तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटणे, डोळ्यांभोवती मार न लागता जांभळे डाग येणे, लघवीला फेस येणे, म्हणजे तिच्यातून प्रथिने जाणे, आणि वजन झपाट्याने घटणे या त्या खुणा होत. जिभेची आणि डोळ्यांची खूण प्रत्येकात असतेच असे नाही. असली, तर मात्र ती फार बोलकी असते.

ईसीजी आणि इको यांचे न जुळणे

तालुक्याच्या ठिकाणीही होणाऱ्या दोन तपासण्या शेजारी ठेवल्या, तर पुष्कळ काही कळते. ईसीजी हृदयाच्या स्नायूतील विजेची नोंद घेतो. उच्च रक्तदाबाने भिंत जाड होते, तेव्हा स्नायूच वाढलेला असतो. म्हणून वीज अधिक आणि ईसीजीतल्या लाटा उंच असतात. अमायलॉयडमध्ये जाडी प्रथिनांच्या थराची असते आणि त्या थरातून वीज निर्माण होत नाही. त्यामुळे इको सांगतो भिंत १५ मिलिमीटर, आणि ईसीजीतल्या लाटा मात्र बुटक्या किंवा जेमतेम नेहमीएवढ्या. हे न जुळणे हाच पहिला धागा. कधी ईसीजीत जुना हार्ट अटॅक येऊन गेल्यासारख्या खुणा दिसतात आणि अँजिओग्राफीत वाहिन्या स्वच्छ निघतात. तोही याच धाग्याचा दुसरा पदर. मात्र ट्रान्सथायरेटिनच्या बऱ्याच रुग्णांत लाटा बुटक्या नसतातही, म्हणून उंच लाटा दिसल्या की संशय पुसून टाकायचा, असे करता येत नाही.

इकोच्या अहवालात आयव्हीएस आणि पीडब्ल्यू अशा संक्षिप्त नावांपुढे भिंतींची जाडी मिलिमीटरमध्ये किंवा सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. साधारण ६ ते १० मिलिमीटर ही नेहमीची जाडी. १२ किंवा अधिक असेल आणि हार्ट फेल्युअर असेल, तर 'ही जाडी कशाची' असा प्रश्न विचारायला जागा आहे. रुग्णाला स्वतः निदान करायचे नसते, पण हा आकडा कुठे असतो हे ठाऊक असले, तर तो प्रश्न विचारता येतो. याशिवाय वरचे दोन्ही कप्पे मोठे होणे, झडपा आणि वरच्या कप्प्यांमधला पडदाही जाड होणे, हृदयाभोवती थोडे पाणी असणे या गोष्टी अनुभवी डोळ्याला दिसतात. नव्या यंत्रांवर स्ट्रेन नावाचे मोजमाप होते. त्यात स्नायूचा प्रत्येक भाग किती आखडतो ते पाहतात, आणि अमायलॉयडमध्ये हृदयाचे टोक बऱ्यापैकी हलत असताना वरचा भाग मंदावलेला आढळतो.

रक्तात ट्रोपोनिन सतत थोडे वाढलेले असणे ही आणखी एक खूण आहे. ट्रोपोनिन स्नायूला इजा झाल्यावर वाढते, आणि हार्ट अटॅकमध्ये ते चढते-उतरते. इथे ते महिनोन्महिने त्याच पातळीवर रेंगाळते. प्रत्येक वेळी नवा अटॅक समजून रुग्णाला दाखल केले जाते, आणि प्रत्येक वेळी काही न सापडता घरी पाठवले जाते.

कॉन्ट्रास्ट देऊन केलेला हृदयाचा एमआरआय यापुढची पायरी. थर असलेल्या भागात गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचे द्रव्य रेंगाळते आणि ती चित्रे बरीच विश्वासार्ह असतात. एमआरआय थर आहे हे सांगू शकतो, पण तो थर कोणत्या प्रथिनाचा, हे ठामपणे सांगू शकत नाही. आणि उपचार तर प्रथिनावरच ठरतो.

आधी रक्त-लघवी, मग स्कॅन

संशय पक्का झाल्यावर तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो, आणि नेमका तोच अनेकदा उलटा लागतो. पहिल्यांदा एएल प्रकार आहे का, हे रक्त आणि लघवीतून पाहायचे असते, कारण त्यात वेळ दवडणे परवडत नाही. त्यासाठी तीन तपासण्या एकत्र कराव्या लागतात: रक्तातील मुक्त लाइट चेनचे प्रमाण, रक्ताचे इम्युनोफिक्सेशन (बेसुमार वाढलेल्या प्लाझ्मा पेशींचे असामान्य प्रथिन हुडकणारी तपासणी) आणि लघवीचे इम्युनोफिक्सेशन. तिन्ही मिळून केल्यास एएलचे जवळजवळ सर्व रुग्ण हाती लागतात. नुसते प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करून पाहण्याची तपासणी करून 'काही नाही' म्हणणे पुरेसे नाही, कारण थोड्या प्रमाणातले असामान्य प्रथिन त्यातून सुटून जाते. लाइट चेनमध्ये कॅपा आणि लॅम्डा अशा दोन जाती असतात व त्यांच्या गुणोत्तराची नेहमीची मर्यादा ०.२६ ते १.६५ मानतात, मूत्रपिंड मंदावलेले असेल, तर ही मर्यादा वर सरकते. म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा अहवाल सोबत नसताना या गुणोत्तराचा अर्थ लावू नये.

या तिन्ही तपासण्या निर्दोष असतील, तर मग न्यूक्लिअर स्कॅन. हाडांच्या तपासणीसाठी पूर्वीपासून वापरात असलेला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेला पायरोफॉस्फेटसारखा पदार्थ शिरेतून देतात. तो ट्रान्सथायरेटिनचा थर असलेल्या हृदयात जाऊन बसतो, आणि गॅमा कॅमेऱ्याखाली हृदय उजळलेले दिसते. छातीच्या फासळ्यांशी तुलना करून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात: हृदय फासळ्यांइतके उजळले तर दोन, त्याहून अधिक उजळले तर तीन. २०१६ साली १,२१७ रुग्णांच्या बहुराष्ट्रीय अभ्यासातून दिसले की, रक्त व लघवीत असामान्य प्रथिन नसेल आणि श्रेणी दोन किंवा तीन असेल, तर हृदयाचा तुकडा न काढताही ट्रान्सथायरेटिनचे निदान करता येते. 'असामान्य प्रथिन नसेल' ही अट या वाक्याचा आत्मा आहे. एएलच्याही काही रुग्णांत स्कॅन उजळतो. अशा रुग्णाने आधी स्कॅन करून घेतला आणि रक्ततपासणी राहून गेली, तर तातडीच्या आजाराला सावकाशीच्या आजाराचे नाव मिळते. ज्या महिन्यांत प्लाझ्मा पेशींवरची केमोथेरपी सुरू व्हायला हवी असते, ते महिने मग निघून जातात.

स्कॅन कसा वाचला जातो हेही तितकेच महत्त्वाचे. कप्प्यांतले रक्त अजून उजळलेले असताना सपाट चित्र घेतले, तर स्नायूच उजळला असा भास होतो. त्यासाठी हृदयाभोवती कॅमेरा फिरवून त्रिमिती चित्र घ्यावे लागते, ज्याला स्पेक्ट म्हणतात. अहवालात स्पेक्टचा उल्लेख नसेल, तर तो केला होता का, हे विचारावे.

रक्तात असामान्य प्रथिन सापडले, तर गुंता वाढतो. वयस्कर माणसांत असे प्रथिन थोड्या प्रमाणात, काही त्रास न देता असू शकते. पन्नाशीपुढच्या सुमारे तीन टक्के लोकांत ते आढळते. म्हणजे प्रथिन आहे पण हृदयातला थर वेगळ्याच कशाचा आहे, असेही शक्य असते. अशा वेळी रक्तविकारतज्ज्ञांना सोबत घेऊन ऊतीचा तुकडा तपासावाच लागतो. पोटाच्या त्वचेखालची चरबी सुईने काढणे सोपे असते आणि एएलमध्ये बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. वयोमानाने होणाऱ्या ट्रान्सथायरेटिन प्रकारात मात्र चरबीत थर क्वचितच सापडतो, म्हणून ती निर्दोष निघाल्याने काही सिद्ध होत नाही. मग मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून तार नेऊन हृदयाचे अगदी बारीक तुकडे घेतात. काँगो रेड या रंगाने ते रंगवून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिले की थर हिरवट चमकतो. त्यातील प्रथिन कोणते, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजून, सर्वांत खात्रीने ठरते.

कोकणातल्या रुग्णासाठी हा क्रम प्रवासाच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. टेक्नेशियमचे अर्धआयुष्य सहाच तासांचे असते. ते साठवून ठेवता येत नाही. म्हणून असा स्कॅन न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग असलेल्या मोठ्या शहरातच होतो आणि त्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणे बहुधा अटळ असते. रक्त-लघवीचे नमुने मात्र रत्नागिरी, कुडाळ किंवा सावंतवाडीहून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतात. ते अहवाल हातात घेऊन गाडीत बसले, तर एका खेपेत काम होण्याची शक्यता वाढते. आणि त्या अहवालांत असामान्य प्रथिन आढळले, तर खेप स्कॅनसाठी करायची की थेट रक्तविकारतज्ज्ञांसाठी, हे घरूनच ठरते.

जाड भिंतीची इतर कारणे, आणि भिंत जाड नसतानाची

प्रत्येक जाड भिंत अमायलॉयडची नसते. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आनुवंशिक विकारात स्नायूच बेढब वाढतो. त्याचा संशय तरुण वयातही घ्यावा लागतो, विशेषतः घरात कोणी धडधाकट माणूस अचानक गेलेला असेल तर. या संदर्भात भारतीयांविषयी एक लक्षणीय गोष्ट २००९ साली पुढे आली: हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळालेला एक बदल भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो आणि तो स्नायूविकाराचा धोका वाढवतो. तो बदल असूनही आयुष्यभर काही न झालेली माणसे पुष्कळ आहेत, तेव्हा केवळ जनुकाच्या अहवालावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

अवयवांत दाहाच्या गाठी होणाऱ्या सार्कॉइडोसिस या आजाराची गोष्ट आपल्याकडे क्षयाशी गुंतलेली आहे. त्यात छातीतल्या गाठी वाढतात, हृदयात सूज येऊन ठोक्यांचा विजेचा संदेश वाटेत तुटतो, पन्नाशीच्या आतच पेसमेकर लागतो किंवा ठोके जीवघेणे वेगवान होतात. छातीतल्या गाठी पाहून क्षयाची औषधे सुरू होणे आपल्या देशात स्वाभाविक आहे, आणि क्षयही हृदयाला ग्रासू शकतो. म्हणून गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय दोहोंतला निवाडा होत नाही. हृदयातली सूज पाहण्यासाठी पेट स्कॅन करतात. त्यात साखरेसारखा पदार्थ सुजेच्या जागी जमलेला दिसतो, म्हणून त्याआधी निरोगी हृदयस्नायूला साखर वापरू द्यायची नसते. आदल्या दिवशी भात, भाकरी, फळे, गोड सगळे बंद करून स्निग्ध आणि मांसाहारी जेवण घ्यायचे व पुढे उपास करायचा असतो. मासे चालतात, पण रवा किंवा तांदळाचे पीठ लावून तळलेला बांगडा चालत नाही. पथ्याच्या छापील कागदावर हे बारकावे नसतात आणि स्कॅन वाया जातो.

शरीरात लोह साचणे, बाळंतपणाच्या सुमारास स्नायू सैलावणे, कर्करोगाच्या काही औषधांचा परिणाम, आणि याच पश्चिम किनाऱ्यावर खाली केरळात एके काळी बरीच दिसणारी व आता घटलेली एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस (हृदयाचे आतले अस्तर जाड व कडक होणे) ही आणखी काही कारणे. त्यांचा तपशील इथे वाढवत नाही.

नाव कळल्याने काय बदलते

पहिला बदल औषधांत होतो. ताठर हृदय दर ठोक्याला थोडेच रक्त ढकलते, त्यामुळे शरीराची गरज ते ठोक्यांचा वेग वाढवून भागवते. बीटा ब्लॉकर देऊन तो वेग दाबला, की रुग्ण अधिक गळतो. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ही ठोके मंदावणारी औषधेही अमायलॉयडमध्ये टाळतात. पाणी काढणारी गोळी लागतेच, पण तिची मात्रा नेमकी ठेवावी लागते: जास्त झाली तर चक्कर, कमी पडली तर सूज. सुके बोंबील, खारवलेला मासा, लोणचे आणि पापड यांतून जाणारे मीठ पावसाळ्यात हमखास वाढते, आणि मात्रा ठरवताना डॉक्टरांना ते माहीत असलेले बरे. वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित झाले असतील, तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका या आजारात विशेष असतो. त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा निर्णय लांबवत नाहीत. यांपैकी कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

मूळ आजारावरही आता उपचार आहेत. एएलमध्ये प्लाझ्मा पेशींवर बोर्टेझोमिब, डाराट्युमुमॅब यांसारखी औषधे देतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके हृदय वाचते. ट्रान्सथायरेटिनसाठी टाफामिडिस हे औषध त्या रेणूचे चार भाग एकत्र धरून ठेवते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत ३० महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के रुग्ण दगावले. मृत्यूंतला हा फरक दिसू लागायला सुमारे दीड वर्ष लागले. म्हणजे आजार फार पुढे गेल्यावर निदान झाले, तर औषधाला काम करायला वेळच उरत नाही. त्यानंतर अकोरामिडिस आणि यकृतातच या प्रथिनाची निर्मिती दाबणारे व्हुट्रिसिरान यांनाही अमेरिकेत हृदयाच्या या आजारासाठी मान्यता मिळाली आहे. या औषधांच्या किमती बागायतदाराच्याच काय, चांगल्या नोकरदाराच्याही आवाक्याबाहेरच्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही चुकीची औषधे थांबणे, दम्याचा पंप आणि वारंवारच्या अँजिओग्राफीचा खर्च वाचणे, पेसमेकरची गरज वेळेवर ओळखणे आणि एएलचा रुग्ण वाचवणे यांसाठी महागड्या गोळीची गरज नसते.

ट्रान्सथायरेटिन प्रकार निश्चित झाल्यावर, रुग्ण ऐंशीचा असला तरी, जनुकाची तपासणी सुचवतात, कारण वयोमानाचा प्रकार आणि आनुवंशिक प्रकार केवळ वयावरून वेगळे करता येत नाहीत. जनुकात बदल सापडला, तर प्रत्येक मुलाकडे आणि मुलीकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. बदल आला म्हणजे आजार होईलच असे नाही, आणि तपासणी करायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय असतो. तो समुपदेशनानंतरच घ्यावा. ज्यांच्यात बदल सापडतो, त्यांची नियमित हृदयतपासणी कुटुंबातल्या रुग्णाला ज्या वयात त्रास सुरू झाला त्याच्या सुमारे दहा वर्षे आधीपासून सुरू करतात. म्हणून वडिलांना धाप कधी लागू लागली याचबरोबर त्यांच्या हाताला मुंग्या कोणत्या वर्षी येऊ लागल्या होत्या, हेही मुलांनी त्यांना विचारून फाइलमध्ये लिहून ठेवावे.